चौथा भाग पहिला

'स्टार वॉर्स' कधीच न पाहिलेल्या माणसाला ती मालिका दाखवायला घेतली की पहिली अडचण आकड्यांची येते. मुख्य गोष्टीचे चित्रपट नऊ. त्यांतला चौथा सर्वांत आधी, १९७७ साली आला. पाचवा १९८०मध्ये, सहावा १९८३मध्ये. मग सोळा वर्षं गेली आणि १९९९ साली पहिला आला, २००२मध्ये दुसरा, २००५मध्ये तिसरा. जॉर्ज लुकस यांनी २०१२ साली आपली कंपनी डिस्नेला सुमारे चार अब्ज डॉलरना विकली, आणि त्यानंतर २०१५ ते २०१९ या काळात सातवा, आठवा, नववा हे निदान सरळ ओळीने आले. त्यांच्या अधेमधे 'रोग वन' आणि 'सोलो' हे दोन बिनआकडी चित्रपट शिरले. कार्टून मालिका आणि दूरचित्रवाणी मालिका वेगळ्याच. नवख्याने कुठून सुरुवात करावी यावर या मालिकेचे चाहते गेली पंचवीस वर्षं हिरिरीने भांडत आले आहेत आणि भांडण मिटण्याचं चिन्ह नाही. पुढच्या मजकुरात मालिकेतली सगळी गुपितं उघडी पडणार आहेत, तेव्हा ज्याने हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्याने हा लेख इथेच मिटलेला बरा. लेख आहे तो अशा नवख्याला शेजारी घेऊन बसणाऱ्यासाठी.

चालू असलेली मतं मोजली तर मुख्य तीन निघतात. एक पक्ष म्हणतो, आकड्यांप्रमाणे पाहा, एक ते सहा, म्हणजे गोष्टीतल्या काळाप्रमाणे. दुसरा म्हणतो, जसे पडद्यावर आले तसे पाहा: चार, पाच, सहा, मग एक, दोन, तीन. तिसरा पक्ष हुशार आहे. त्याची मांडणी 'मशेटी क्रम' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने ती २०११ साली केली: चार, पाच, मग दोन, तीन, आणि शेवटी सहा. पहिला भाग त्याने सरळ वगळला. या तिन्ही पक्षांची भाषा बहुधा आवडीनिवडीची असते. कोणाला जुने चित्रपट प्रिय, कोणाला पहिल्या भागाचा राग. आवडीच्या पलीकडे जाऊन निवाडा करता येईल असं एक माप मात्र उपलब्ध आहे. प्रत्येक चित्रपट एक प्रेक्षक गृहीत धरतो. त्या प्रेक्षकाला अमुक गोष्ट ठाऊक आहे, तमुक ठाऊक नाही, असं मनाशी धरूनच प्रसंग लिहिले जातात, कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरतं, संवादात कुठे थांबायचं ते ठरतं. नवखा ज्या क्रमाने गेला असता प्रत्येक चित्रपटासमोर त्या-त्या चित्रपटाने गृहीत धरलेला प्रेक्षक होऊन बसेल, तो क्रम त्याच्यासाठी उत्तम. या मापाने मोजलं की प्रदर्शनाचा क्रम जिंकतो, पण चाहते समजतात तितक्या सहजपणे नाही.

१९७७च्या चित्रपटाचा गृहीत प्रेक्षक कोण होता? ज्याला काहीही माहीत नाही असा. चित्रपटाची सगळी बांधणी या अज्ञानावर उभी आहे. सुरुवातीचा मजकूर अवकाशात सरकत जातो, त्यात यादवी युद्ध, बंडखोर, साम्राज्य एवढंच कळतं. मग एक छोटं यान पळतं आणि त्याच्या मागून डोक्यावरून एक अजस्र यान सरकत राहतं, संपता संपत नाही. कोण कोणाच्या मागे लागलं आहे हे कळायच्या आत कोण मोठा आणि कोण लहान हे कळलेलं असतं. त्यानंतर आपण राजपुत्राबरोबर किंवा सेनापतीबरोबर जात नाही. जातो दोन यंत्रमानवांबरोबर, म्हणजे त्या जगातल्या अगदी तळच्या दोन नोकरांबरोबर. लुकस यांनी ही युक्ती अकिरा कुरोसावांच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) या चित्रपटावरून उचलली. तिथे राजकन्येची आणि सेनापतीची गोष्ट आपल्याला दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या मागे फिरत कळते. तळच्या माणसाला वरचं राजकारण कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, आणि दोघं मिळून हळूहळू शिकतो. नायक ल्यूक तर बराच वेळ दिसतच नाही. दिसतो तेव्हा तो वाळवंटातल्या शेतावरचा, काहीच न पाहिलेला पोरगा असतो. 'क्लोन युद्धं' हा शब्द संवादात येतो आणि कोणी त्याचा खुलासा करत नाही. हे सगळं नवख्याच्या सोयीसाठीच आहे. दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला आत घ्यायचं काम या एका चित्रपटाने केलं. पुढच्या एकाही चित्रपटाला ते करावं लागलं नाही, कारण पाहुणे आत आलेलेच होते.

यावर आकड्यांचा पक्ष म्हणतो, चित्रपटावर 'भाग चौथा' लिहिलेलं आहे, मग आधीचे तीन वगळून चौथ्यापासून सुरू करणं हा वेडेपणा नाही का? पण तो आकडा १९७७ साली नव्हता. तेव्हा चित्रपटाचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. 'भाग चौथा' आणि 'अ न्यू होप' हे उपशीर्षक १९८१च्या पुनर्प्रदर्शनात चिकटलं. आणि पुढे जी गोष्ट एक ते सहा अशी सलग दिसू लागली ती तेव्हा लुकस यांच्या डोक्यात तशी तयार होती असंही नाही. पहिल्या चित्रपटात म्हातारा ओबी-वान आपल्या जुन्या शिष्याला, डार्थ व्हेडरला, समोरासमोर 'डार्थ' म्हणून हाक मारतो, जणू ते त्याचं पाळण्यातलं नाव आहे. पुढे ठरलं की 'डार्थ' ही पदवी. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी लिहिला; १९७८च्या मार्चमध्ये त्या वारल्या. त्या मसुद्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा मुलाला भेटायला येतो, आणि व्हेडर हा पूर्ण निराळा इसम असतो. म्हणजे १९७७ साली ओबी-वान जेव्हा ल्यूकला सांगतो की तुझ्या वडिलांना व्हेडरने मारलं, तेव्हा तो खोटं बोलत नाही. ते वाक्य तीन वर्षांनी खोटं ठरलं. आकडे नंतर बसवले, आणि ज्याने बसवले त्याने जुन्या वाक्यांचे अर्थही बदलून घेतले. पुस्तकाच्या पानांवरचे आकडे जसे वाचनाचा क्रम सांगतात तसं काम या आकड्यांकडून होत नाही.

आता १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. त्याचा गृहीत प्रेक्षक पहिला चित्रपट पाहून आलेला आहे आणि त्याहून जास्त काही त्याला ठाऊक नाही. व्हेडर ल्यूकला आपण बाप असल्याचं सांगतो तो प्रसंग चित्रित करताना ही गोष्ट किती जपली होती पाहा. व्हेडरच्या पोशाखातले डेव्हिड प्राउझ यांना सेटवर दुसरंच वाक्य दिलं होतं: तुझ्या वडिलांना ओबी-वानने मारलं. खरं वाक्य दिग्दर्शक अर्व्हिन कर्शनर, लुकस आणि अगदी आयत्या वेळी ल्यूक झालेले मार्क हॅमिल अशा मोजक्याच लोकांना माहीत. जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात ते नंतर भरलं. हे गुपित सर्वांना माहीत आहे. त्याच चित्रपटातलं दुसरं गुपित फारसं कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते नवख्यासाठी ते जास्त मोलाचं आहे. ल्यूक एका दलदलीच्या ग्रहावर थोर जेडाय गुरूच्या शोधात उतरतो. तिथे हिरवा, बुटका, मोठ्या कानांचा एक प्राणी त्याच्या डब्यातलं खाणं उचकतो, दिव्यासाठी यंत्रमानवाशी झोंबतो, खिदळतो. ल्यूक वैतागतो, आपणही वैतागतो. आणि मग कळतं की हाच तो गुरू, योडा. इथे ल्यूकच्या उतावळेपणाचा जो धडा आहे तो प्रेक्षकालाही बसतो, कारण तोही तितकाच उतावळा झालेला असतो. ज्याने आधी एक, दोन, तीन पाहिले त्याने योडाला परिषदेत बसलेलं पाहिलंय, सैन्य चालवताना पाहिलंय, तलवार घेऊन उड्या मारताना पाहिलंय. त्याच्यासाठी हा प्रसंग म्हणजे ओळखीच्या म्हाताऱ्याने केलेली थोडी लांबलेली थट्टा. धडा ल्यूकपुरता राहतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मराठी वाचकाला सर्वांत आधी सुचेल. गुपित फुटलं म्हणून बिघडलं कुठे? कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे महाभारत आपल्याला आदिपर्वातच सांगून टाकतं. कर्णाला ते कळतं युद्ध तोंडावर आल्यावर, पांडवांना कळतं तो मेल्यावर. आपण मात्र पहिल्यापासून जाणतो, आणि म्हणूनच शस्त्रपरीक्षेच्या रंगभूमीवर अर्जुनासमोर कर्ण उभा राहिला की पोटात कालवतं. धक्क्यापेक्षा ही आधीपासूनची जाण मोठी, असं आपली परंपरा म्हणते. मग एक ते सहा पाहणाऱ्याला हेच सुख मिळतं की! व्हेडर आपल्या पोराचा पाठलाग करतो आहे हे त्याला माहीत, ल्यूकला नाही. आक्षेप वजनदार आहे. पण कर्णाची गोष्ट परिणाम करते ती आपल्याला आधी सांगितलं एवढ्यावर नाही. आधी सांगून मग त्या जाणिवेचा प्रसंगोप्रसंगी वापर केला म्हणून. रंगभूमीवर त्याचं कुळ विचारलं जातं, तो मान खाली घालतो, आणि त्याच प्रसंगी प्रेक्षकांत बसलेली कुंती मूर्च्छित होते. लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की वाचकाला ठाऊक आहे. १९७७च्या चित्रपटात असा एकही प्रसंग नाही. व्हेडर स्वतःच्या मुलीची, लेयाची, यातना देऊन जबानी घेतो, आणि कॅमेरा क्षणभरही रेंगाळत नाही, कारण कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या लेखी ती त्याची मुलगी नव्हतीच. आधी जाणून पाहणारा या प्रसंगी कुंतीच्या मूर्च्छेची वाट पाहत बसतो. ती येत नाही. पुढच्या चित्रपटात ल्यूक आणि लेया यांचं चुंबन येतं, तेव्हा तर त्याला नुसतं अवघडायला होतं. चित्रपट हसत असतो आणि प्रेक्षक चुळबुळत असतो.

आणि महाभारताचंच प्रमाण घ्यायचं तर ते काळाच्या क्रमाने सुरू होत नाही. सुरुवात आहे युद्धानंतरच्या पिढ्यांपाशी. अर्जुनाचा पणतू जनमेजय सर्पसत्र करतो, तिथे कथा सांगितली जाते, तीच सौती नैमिषारण्यात ऋषींना पुन्हा सांगतो, आणि तिथून मागे, पूर्वजांकडे वळणं. पूर्वजांची गोष्ट आधी यायला हवी हा आग्रह कथेचा नसतो, वंशावळ लिहिणाऱ्याचा असतो.

'व्हेडर बाप आहे हे जगाला माहीत आहे, मग कसलं गुपित' हा आक्षेप कर्णाच्या आक्षेपापेक्षा हलका आहे. अमेरिकेत ते वाक्य म्हणीसारखं रुळलं आहे हे खरं. आपल्याकडे स्थिती निराळी. या मालिकेचं इथलं वजन किती ते एका उदाहरणावरून कळावं: सातवा भाग, 'द फोर्स अवेकन्स', अमेरिकेत १८ डिसेंबर २०१५ रोजी लागला, भारतात त्या शुक्रवारी 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' होते आणि हा चित्रपट आला एक आठवड्याने, २५ डिसेंबरला. बाजीरावासाठी आकाशगंगा आठवडाभर थांबली, ही गोष्ट पुण्यात कोणाला गैर वाटली नसावी. सांगायचं एवढंच की मराठी घरात दहा-बारा वर्षांचं असं मूल सहज सापडेल ज्याला व्हेडर म्हणजे खेळण्याच्या दुकानातला काळा मुखवटा, याहून जास्त माहीत नाही. शिवाय ज्याला वाक्य माहीत आहे त्यालाही ते कधी, कुठे आणि कोणत्या अवस्थेतल्या ल्यूकला सांगितलं जातं हे माहीत नसतं. योडाचं रूप तर टोप्या-कपड्यांवर सगळीकडे आहे, हे मान्य. म्हणून तिथला परिणाम आज थोडा उणावला आहे. उणावला म्हणून उरलेलाही टाकून द्यावा असं होत नाही.

पूर्वकथेच्या तीन चित्रपटांकडे हेच माप लावलं की चित्र उलटं दिसतं. ते नवख्यासाठी बनलेलेच नाहीत. 'द फँटम मेनस'च्या पहिल्या जाहिरात-पोस्टरवर एक लहान मुलगा उभा होता आणि मागच्या भिंतीवर त्याची सावली व्हेडरची पडली होती. सगळा करार त्या सावलीत आहे: हा गोड पोरगा पुढे कोण होणार हे तुम्हाला माहीत आहे, आता बघा. ही माहिती काढून घेतली तर चित्रपटात उरतं काय? व्यापारी मार्गांवरच्या करांचा वाद, सिनेटमधली भाषणं, आणि एक नायक जो बऱ्याच उशिरा येतो आणि आल्यावर शर्यत जिंकतो. शर्यत उत्तम आहे, शेवटचं तलवारयुद्ध उत्तम आहे, जॉन विल्यम्स यांचं संगीत तर फारच वरचं. पण मधल्या संथ प्रसंगांना जो तणाव आहे तो पूर्णपणे जुन्या चित्रपटांकडून उसना घेतलेला आहे. हे उदाहरण तर मला फार आवडतं: मूळ तिन्ही चित्रपटांत सम्राटाचं नाव कोणीही उच्चारत नाही. तो फक्त सम्राट. १९९९च्या चित्रपटात पॅल्पटीन नावाचा एक मवाळ, विनयशील सिनेटर येतो. ते काम करणारे इयन मॅकडिअर्मिड हेच १९८३ साली, चाळिशीच्या आत असताना, रंगभूषेखाली तो जख्ख सम्राट झाले होते. प्रदर्शनाच्या क्रमाने आलेल्या नवख्यांपैकी कोणी त्यांना आवाजावरून लगेच ओळखतो, कोणाला दोन चित्रपट लागतात, पण दोघांनाही त्या विनयाची भीती वाटू लागते. एकपासून सुरू करणाऱ्याला तो निव्वळ एक सिनेटर. आणि तिसऱ्या भागाचा शेवट पाहा. मुखवटा चेहऱ्यावर उतरतो, पहिला श्वास ऐकू येतो. तान्ह्या ल्यूकला घेऊन काका-काकू दोन सूर्यांच्या मावळतीकडे पाहत उभे राहतात. तो श्वास आणि ती संध्याकाळ आपण १९७७ साली ऐकली-पाहिली आहे, या भरवशावर हे प्रसंग उभे आहेत. ज्याने ती पाहिली नाही त्याला एक माणूस मुखवटा घालताना दिसतो आणि एक जोडपं सूर्यास्त पाहताना दिसतं.

खुद्द लुकस यांनी नंतर सांगितलं की ही गोष्ट डार्थ व्हेडरची शोकांतिका आहे आणि ती पहिल्या भागापासून पाहावी. कर्त्याचा शब्द मोडायचा का? साहित्यात हा तंटा पूर्वी झालेला आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतलं सिंह, चेटकीण आणि कपाट यांचं पुस्तक १९५० साली आधी आलं, आणि त्या जगाची उत्पत्ती सांगणारं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ साली, सातांतलं सहावं म्हणून. एका लहान वाचकाला काळाचा क्रम बरा वाटला, आणि १९५७च्या एका पत्रात लुईस यांनी त्याला होकार भरला. लुईस वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९९४ साली, प्रकाशकांनी त्याप्रमाणे आकडेच बदलले. पण १९५०च्या पुस्तकात निवेदक उघड सांगतो की अस्लान (म्हणजे तो सिंह) कोण हे त्या मुलांना वाचकाइतकंच ठाऊक होतं, म्हणजे अजिबात नव्हतं. बर्फाच्या जंगलात एकटाच उभा असलेला दिव्याचा खांब तिथे कोडं म्हणून येतो. उत्पत्तीचं पुस्तक आधी वाचलेल्याला तो खांब कोणी, कधी रोवला ते आधीच माहीत. पत्रातला लुईस एक म्हणतो आणि पानावरचा लुईस दुसरं. अशा वेळी पानावरच्याचं ऐकावं, कारण पत्र लिहिणारा पुस्तक संपवून बसलेला असतो आणि पान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक असतो. चित्रपटात तर हा प्रयोग प्रत्यक्ष करून झाला आहे. १९७७ सालीच, नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने 'गॉडफादर'चे पहिले दोन चित्रपट काळाच्या क्रमाने नव्याने जोडून चार रात्री दाखवले, आणि तेही दिग्दर्शक कपोला यांच्या संमतीने. गोष्ट समजायला सोपी झाली. पण दुसऱ्या चित्रपटाचा प्राण होता तो तरुण बापाचं चढणं आणि त्याच वयाच्या मुलाचं आतून रितं होत जाणं या दोन गोष्टी आळीपाळीने दाखवण्यात. ते तोडून बाप एका रात्री आणि मुलगा दुसऱ्या रात्री असं केल्यावर तुलनाच नाहीशी झाली. घटना सगळ्या शिल्लक राहिल्या.

मशेटी क्रमाला मात्र असं उडवून लावता येत नाही. त्याने गुपितं सांभाळली आहेत. चार आणि पाच पाहून व्हेडरचं वाक्य ऐकलं, ल्यूक हादरला, आपण हादरलो. मग इथे थांबून मागे जायचं, तो माणूस असा का झाला ते दोन आणि तीनमध्ये पाहायचं, आणि शेवट सहाव्याने करायचा. एका लांब पूर्वस्मृतीसारखं. याचा एक लाभ तर लख्ख आहे. सहाव्याच्या सुरुवातीला ल्यूक काळ्या कपड्यांत जब्बाच्या महालात शिरतो आणि पहारेकऱ्यांचे गळे दुरूनच आवळतो. ज्याने नुकताच बापाला तसं करताना पाहिलं आहे त्याच्या अंगावर काटा येतो. प्रदर्शनाच्या क्रमाने जाणाऱ्याला एवढंच वाटतं की पोरगा शिकून आला. हे मान्य करायलाच हवं. पण किंमत मोजावी लागते ती मोठी आहे. पाचव्याचा शेवट हान सोलोला गोठवून, ल्यूकचा हात तोडून, सगळं लोंबकळत ठेवून होतो. तो धागा दोन आणि तीनच्या मिळून जवळपास पावणेपाच तासांत विरून जातो. परत येतो तेव्हा प्रेक्षकाला हानची आठवण करून द्यावी लागते. त्याहून मोठी गोष्ट सहाव्या चित्रपटाच्या पेलण्याची आहे. त्यात ल्यूक म्हणतो की बापात अजून चांगुलपणा शिल्लक आहे, आणि आपल्याकडे त्याच्या शब्दाखेरीज काही पुरावा नसतो. १९८३च्या गृहीत प्रेक्षकाने व्हेडरला क्रूर सेनापती म्हणून पाहिलं होतं, याहून जास्त नाही. तिसऱ्या भागातून सरळ इथे आलेल्याने त्याला विद्यालयातली लहान मुलं कापून काढताना पाहिलं आहे. एवढ्या पापाचं ओझं घेऊन आलेल्या माणसाला सहाव्या चित्रपटाने शेवटी जी क्षमा दिली आहे ती फार स्वस्त वाटते. चित्रपट तेवढ्या ओझ्यासाठी बांधलेलाच नव्हता. हीच विसंगती प्रदर्शनाच्या क्रमात आली की कामाला येते: आधी आपण क्षमा करून मोकळे होतो, आणि मग तिसऱ्यात कळतं की कोणाला केली. किरकोळ ठिगळंही उसवतात. सहाव्यात लेया म्हणते की आई तिला अंधुक आठवते. तिसऱ्यात आई बाळंतपणातच दगावते. मधे दोन चित्रपटांचं अंतर असेल तर हे कोणाच्या लक्षात येत नाही, लागोपाठ पाहिलं तर प्रत्येकाच्या येतं.

लहान मुलांच्या वतीने एक व्यवहारी हरकत घेतली जाते. १९७७चा चित्रपट जुना, संथ. मुलांना १९९९ची झगझगीत शर्यत आणि तो धडपड्या जार जार जास्त आवडेल, त्यांचाच चारा आधी टाका. काही मुलांना आवडेलही. १९९९ साली असंख्य मुलं याच दाराने आत आली आणि त्यांचं काही वाईट झालं नाही. पण मग पुढचं काय? तिसऱ्या भागात लाव्हाच्या नदीवर उड्या मारत चाललेलं ओबी-वान आणि अ‍ॅनाकिनचं (म्हणजे तरुण व्हेडरचं) युद्ध पाहिल्यावर लगेच चौथ्यात तेच दोघं जपून, दोन पावलं मागे-पुढे करत काठ्या टेकवल्यासारखं लढतात. ओबी-वान झालेले अ‍ॅलेक गिनेस तेव्हा साठी ओलांडलेले होते. चौथ्यापासून आलेल्या मुलाला ते दोन थकलेल्या जाणत्यांचं लढणं वाटतं. तिसऱ्यावरून आलेल्याला फसवणूक. तंत्राची चढण चढत गेलं तर प्रत्येक चित्रपट आपापल्या जागी नवा वाटतो. उतरत आलं तर मालिकेतला सर्वांत चांगला चित्रपट, म्हणजे पाचवा, एक गरीब नातेवाईक होऊन जातो.

उरलेल्यांचं काम थोडक्यात होतं. 'रोग वन' चौथ्याच्या अगदी उंबरठ्यावर संपतो, म्हणून तो आधी दाखवायचा मोह होतो; टाळावा. त्यातला व्हेडरचा अंधाऱ्या बोळातला संहार आधी पाहिला तर चौथ्यातलं त्याचं पहिलं, शांत पाऊल फिकं पडतं. शिवाय १९९४ साली निवर्तलेल्या पीटर कुशिंग यांचा संगणकाने घडवलेला चेहरा, खरा चेहरा पाहण्याआधी पाहणं हे जरा विचित्रच. 'सोलो' राहिला तरी चालेल. सात, आठ, नऊ शेवटीच. सातव्याचा सगळा डाव ल्यूकला शेवटच्या दृश्यापर्यंत दडवून ठेवण्याचा आहे आणि ल्यूक कोण हे माहीत नसलेल्याला तिथे बेटावरचा एक दाढीवाला दिसेल. नववा न पाहिल्याने मला तरी काही गमावल्यासारखं वाटत नाही. अपवाद करायचा तर एकाच कामासाठी करेन: 'अँडोर', २०२२ आणि २०२५ अशा दोन हंगामांतले चोवीस भाग. त्यात जेडाय नाहीत, प्रकाशाच्या तलवारी नाहीत. आहेत कारकून, खबरे, तुरुंग, आणि बंड उभं करायला पैसा कुठून येतो ही काळजी. परीकथेची चीड असलेल्या प्रौढ माणसाला 'स्टार वॉर्स' दाखवायची असेल तर इथून सुरुवात केली तरी आमचं माप मोडत नाही, कारण या मालिकेने धरलेल्या प्रेक्षकाला आधीचं फारसं काही माहीत असावं लागत नाही. वेगळं दार आहे, वेगळ्या माणसासाठी.

राहता राहिली ती प्रदर्शनाच्या क्रमाची स्वतःची दुखरी जागा, आणि ती त्याच्या पुरस्कर्त्यांनी झाकू नये. आज जे चित्रपट सहज पाहायला मिळतात ते १९७७, १९८० आणि १९८३चे चित्रपट नव्हेतच. लुकस यांनी १९९७मध्ये त्यांत नवी दृश्यं घातली, २००४च्या डीव्हीडीसाठी पुन्हा हात फिरवला, २०११च्या ब्लू-रेसाठी परत. मूळ आवृत्ती २००६ साली एकदा डीव्हीडीवर जोड-तबकडी म्हणून आली, तीही दुय्यम प्रतीची. २००४च्या बदलांत जुन्या चित्रपटांचा गृहीत प्रेक्षकच बदलून टाकण्याचा प्रयत्न आहे. पाचव्यातल्या सम्राटाच्या तोंडी आता अ‍ॅनाकिनचं नाव घातलं आहे, जे १९८०च्या चित्रपटात कोणी घेतलेलं नव्हतं. आणि सहाव्याच्या अगदी शेवटी, जिथे ओबी-वान आणि योडा यांच्या आत्म्यांशेजारी ल्यूकचा बाप उभा राहतो, तिथला सेबॅस्टियन शॉ यांचा वृद्ध चेहरा पुसून तरुण हेडन ख्रिस्टन्सन उभा केला आहे. ख्रिस्टन्सन २००२च्या चित्रपटातले. नवख्याने काही मिनिटांपूर्वीच मुखवटा निघालेला पाहिला आहे, आतून एक म्हातारा, पांढराफटक चेहरा निघालेलाही पाहिला आहे. आणि आता त्याच्या जागी हा अनोळखी पोरगा. मशेटीवाल्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ते दृश्य काही सेकंदांचं आहे एवढंच म्हणता येतं. तेवढ्या सेकंदांसाठी पाचव्याचा आणि सहाव्याचा सांधा मोडून मधे पावणेपाच तास घालणं मला परवडत नाही. शेजारी बसलेला विचारेल, हा कोण? त्याला सांगावं, पुढच्या तीन चित्रपटांत भेटेल.